मोरीत अडकलेला माणूस

ओढ्याखालच्या दगडी मोरीतून उलटा सरकत बाहेर आलेल्या आमच्यातल्या दिलीपच्या केसांत, भुवयांत, कानांत सगळीकडं माती होती. तो गुडघ्यांवर बसून खोकला, थुंकला आणि म्हणाला, "माणूस जिवंत आहे. बोलतोय. पण माझे खांदे पुढं जाईनात. माझ्याहून बारीक कुणीतरी पाहिजे."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि इतकी किडकिडीत, की बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर आई मला मुद्दाम जाड काठांची साडी नेसवायची. धीट मी कधीच नव्हते. घरात पाल निघाली तर खुर्चीवर चढणारी मी. पण त्या घोळक्यात माझ्याहून बारीक दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

"हेमांगी, मी तुला जा म्हणणार नाही," बाबर सर म्हणाले. "वरचा दगड अजून सरकू शकतो. तू नाही म्हणालीस तर कुणी तुला नावं ठेवणार नाही."

मोरीच्या तोंडाशी एक बाई मातीत फतकल मारून बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला नाही, विनवणी केली नाही. नुसतं माझ्याकडं बघत राहिल्या.

मी ओढणी काढून कमरेला गुंडाळली आणि म्हटलं, "बॅटरी द्या."

त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. मी सांगलीत टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडून द्यायचे आणि बाजूला व्हायचं, हे माझं काम. बाबर सर एका शाळेत भूगोल शिकवायचे आणि वर्षातून दोन-तीनदा आम्हा पंचवीस-तीस जणांना गोळा करून कुठंतरी श्रमदानाला न्यायचे. कधी तळ्यातला गाळ काढायला, कधी डोंगरावर चर खणायला. शनिवारी सकाळी जायचं, शाळेत मुक्काम करायचा, रविवारी संध्याकाळी परत. मोबाइल नव्हते, यंत्रं सहज मिळत नव्हती, आणि आम्हाला वाटायचं की दोन दिवस घाम गाळला की काहीही होतं.

त्या एप्रिलमध्ये आम्ही खरसवाडीला गेलो होतो. गावाच्या वर नदीला एक जुना दगडी बंधारा होता आणि त्यातून निघून गावाच्या शिवारात जाणारा पाट. कुणाच्या तरी पणजोबांच्या काळातला. पुढं विहिरींवर इंजिनं बसली, लोकांनी पाटाकडं पाठ फिरवली, एका पुरात तो गाळानं भरला आणि त्यात वेड्या बाभळी माजल्या. आता विहिरी आटल्या होत्या आणि गावाला पाटाची आठवण झाली होती. बंधाऱ्यात पाणी होतं. पाट मोकळा केला की ते आपल्या पायानं शिवारात येणार होतं.

शनिवारी आम्ही आणि गावकऱ्यांनी मिळून ओढ्यापर्यंतचा पाट साफ केला. अंधार पडायच्या आत त्याचा दगडी तळ दिसायला लागला तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी खाली उतरून त्यावर हात फिरवले. राहिली होती फक्त मोरी. ओढा आडवा येत होता तिथं पाट त्याच्या पात्राखालून दगडी मोरीतून पलीकडं जायचा. मोरी रुंदीला बेताची, उंचीला गुडघ्यांवर रांगता येईल एवढी, आणि मध्ये तिला एक वळण होतं. सरांनी बजावून सांगितलं होतं, की मोरीत कुणी शिरायचं नाही. तिचं काय करायचं ते पुढच्या वेळी जाणत्या माणसाला आणून ठरवू.

रविवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो तेव्हा खालून धप्प असा आवाज आला. फार मोठा नाही. धान्याचं पोतं खांद्यावरून टाकल्यासारखा. मग मोरीच्या तोंडातून धूळ बाहेर आली.

आत होते तातोबा शिंगाडे. त्यांचं रान मोरीच्या लगेच पलीकडं होतं. पाणी आलं असतं तर पहिल्यांदा त्यांच्या रानात. आदल्या दिवशी ते आमच्याकडं फिरकलेही नव्हते. बांधावर बसून बिडी ओढत म्हणाले होते, "दोन दिस येत्यात, फोटू काढत्यात आन् जात्यात." आणि रविवारी सकाळी कुणाला न सांगता, कंदील घेऊन, मोरी पलीकडं मोकळी आहे का बघायला आत शिरले होते. तोंडाशी बसलेल्या बाई म्हणजे त्यांच्या मालकीण, शेवंताबाई.

मोरीत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती गारवा. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत माठाला गाल लावल्यासारखं गार होतं. वळणापर्यंत मी रांगत गेले. तिथून पुढं छतातले दगड आणि माती खाली येऊन ढीग झाला होता आणि वरच्या बाजूला एक फट राहिली होती. त्या फटीतून मी पोटावर सरकत गेले. बॅटरीच्या उजेडात आधी हात दिसला, मग टक्कल.

"कोण हाय?" टक्कल म्हणालं.

"मी हेमांगी. काल आलेल्यांतली. मामा, तुम्हाला कुठं लागलंय?"

"लागलं न्हाई. पाय अडकल्यात दोनी. उजेड डोळ्यांवर नगं मारू."

मी बॅटरी खाली केली. ते पालथे पडले होते, तोंड माझ्याकडं. पलीकडचं बघून परत येताना मांड्यांच्या वर छताची एक लांब शिळा पडली होती, आणि तिच्यावर मागची सगळी माती. मी त्यांच्या ओठांना पाण्याची बाटली लावली. ते घटाघट प्यायले आणि मान टेकवून म्हणाले, "पोरी, पलीकडं उजेड दिसला. वर वाईच फट हाय. मोरी शाबूत हाय. जाऊन सांग त्यास्नी."

मी परत वळणापर्यंत सरकत आले आणि बाहेर सांगितलं. पुरुषांनी आधी पहार आणि ट्रॅक्टरचा जॅक आत न्यायचा प्रयत्न केला होता, पण ढिगाच्या अलीकडच्या दगडाला लावून जॅकचा पहिला आटा फिरवला तशी शेजारची शिळा करकरली आणि माती ओघळायला लागली. तेव्हा ठरलं की आतून हात लावायचा नाही. ओढ्याचं पात्र कोरडं होतं. वरून खणत खाली यायचं, माती काढायची आणि शिळेला साखळी बांधून ती सरळ वर उचलायची. त्यासाठी चेनपुली पाहिजे होती. ती तालुक्याच्या साखर कारखान्यात असणार होती, आणि त्या दिवशी रविवार होता. सरपंचांच्या घरच्या फोनवरून लाइन लागेना म्हणून दोघं जण जीप घेऊन निघाले. बाकीचे खणायला लागले. तीच फावडी, तीच घमेली, तेच आम्ही.

"आतलं कुणीतरी बघायला पाहिजे," सर म्हणाले. "माती घसरतेय का, माणूस शुद्धीवर आहे का."

म्हणून मी आतच राहिले.

मोरीच्या त्या वळणामुळं एक अडचण झाली होती. बाहेरून कुणी ओरडलं तर वळणापलीकडं नुसता घुमारा यायचा. डोक्यावर खणायचे धक्के बसत होते, त्यात काहीच कळायचं नाही. त्यामुळं मामांचं बोलणं ऐकायचं, मागं सरकत वळणापर्यंत यायचं, शेवंतामावशींना सांगायचं, त्यांचं ऐकायचं आणि पुन्हा पोटावर सरकत पुढं. माझे कोपर सोलवटून निघाले होते. उजेडाच्या तुकड्यात मला मावशींचं फक्त डोकं दिसायचं, पदर मातीला लागलेला.

"सकाळी भाकरी खाल्ली न्हाई त्येंनी," मावशी म्हणाल्या. "उपाशीपोटी गेल्यात. इचार, भूक लागलीया का."

मी जाऊन विचारलं.

"भाकरी येळंवर केली असती तर खाल्ली असती," मामा म्हणाले.

मी परत येऊन म्हटलं, "भूक नाही म्हणतात."

मावशींनी नुसतं हूं केलं.

थोड्या वेळानं मामांना शेळी आठवली. "गाभण हाय. आज-उद्या इल. तिला उनात बांधली असंल ह्या बयेनं. सावलीला घ्यायला सांग."

"शेळीला काय धाड भरलीया!" मावशी खेकसल्या. "शेळी शेळीच्या जागी हाय म्हणावं. सवताचं बगा." आणि मी पुन्हा आत जायला वळले तशा हळूच म्हणाल्या, "सावलीलाच हाय, सांग."

असं बराच वेळ चाललं. खोटं वाटेल म्हणून मला सांगायला संकोच होतो, पण त्या तासांत आम्ही हसलोसुद्धा. मामा बोलके होते. एकदा बाजारातून परतताना एसटीत कोंबडी सुटली होती ती गोष्ट त्यांनी मला सांगितली. कंडक्टरच्या टोपीवर ती बसली इथपर्यंत आले आणि हसताना त्यांना कळ आली, मग ते गप्प झाले. पाय दुखतात का विचारलं तर म्हणाले, "मगाशी दुखत हुते. आता कायबी कळत न्हाई. बरं वाटतंय उलट." मला त्याचा आनंद झाला. मी ते बाहेर जाऊन सांगितलं आणि सगळ्यांना आनंद झाला.

मग कधीतरी मामा चिडले. वरून खणणाऱ्यांचा आवाज थांबला होता. ते एका मोठ्या धोंड्याशी अडले होते आणि चेनपुलीचा पत्ता नव्हता.

"माझी काय गरज हुती इथं यायची?" ते म्हणाले. "मी बांधावर बसलो हुतो निवांत. तीच माझ्या मागं लागली राती. सगळं गाव राबतंय, तुमी तेवढं बसून ऱ्हावा. पयलं पाणी आपल्याला, आन् आपलाच गडी न्हाई तितं, मला त्वांड दाखवाया जागा न्हाई. तिनंच धाडलं मला. सांग तिला. जा सांग, तूच धाडलंस म्हणावं."

मी मागं सरकत गेले. जाताना ठरवलं, की हे सांगायचं नाही. रोज शेकडो माणसांचं बोलणं मी जोडून देत होते. मध्ये आपला शब्द घालायची परवानगी नव्हती आणि कधी घातलाही नव्हता. पण ते डोकं, तो मातीतला पदर बघितला आणि म्हटलं, "मामा म्हणतात, काळजी करू नको."

मावशींनी मान वर केली.

"असं म्हणायचं न्हाईत ते," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्सांत एकदा म्हणालं न्हाईत. खरं सांग. शुद्धीत हायत न्हवं?" "खरं काय म्हणालं?"

मी घाबरले. म्हटलं, "म्हणाले, तूच धाडलंस."

मावशींचा चेहरा एकदम सैल पडला. मोरीच्या तोंडाला त्यांनी डोकं टेकवलं आणि त्या हसल्या. खरोखर हसल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "मग बरे हायत. मग काय भ्या न्हाई."

दुपार कलली तेव्हा चेनपुली आली. रविवार म्हणून कोठाराची किल्ली असलेला माणूस गावाला गेला होता, त्याला शोधत जीप दोन गावं फिरली होती. ओढ्याच्या पात्रात तीन जाड लाकडांची तिवई उभी करण्याचा आवाज मला आत ऐकू येत होता. माझ्या पाठीवर मातीचे बारीक खडे पडत होते.

मामा बराच वेळ बोलले नव्हते. त्यांची हनुवटी मातीत टेकली होती. मी बॅटरी विझवून ठेवली होती, सेल जपायला, आणि अंधारात त्यांच्या श्वासाच्या आवाजाकडं कान लावून पडले होते.

"पोरी."

"काय मामा?"

"भ्या वाटतंय मला."

दिवसभर मी दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडं नेत होते. हे मात्र मला एकटीला सांगितलेलं होतं.

"आत्ता काढतात," मी म्हटलं. "चेनपुली आली. अर्ध्या तासात तुम्ही बाहेर."

"हां."

"मावशींना सांगू काही?"

"नगं." ते पटकन म्हणाले. "हे नगं सांगू तिला."

त्यांनी हात पुढं केला. मला तो दिसला नाही, नुसता माझ्या मनगटाला लागला. मी तो धरला. खरखरीत हात होता, माझी बोटं घट्ट आवळणारा. मग डोक्यावर लोखंडाचा खणखणाट झाला, सरांचा आवाज आला, "हेमांगी, मागं हो! मागं हो!" मी हात सोडला आणि वळणाच्या अलीकडं आले.

शिळा उचलली तेव्हा मी मोरीच्या तोंडाशी मावशींच्या शेजारी होते. आधी साखळी कुरकुरली. मग वरून उजेडाचा एक झोत मोरीत पडला, धुळीनं भरलेला, आणि माणसं ओरडायला लागली, "आला! आला! ओढा, हळू!" त्यांनी मामांना वरच्याच बाजूनं काढलं. मी आणि मावशी वळसा घालून पळत गेलो तेव्हा ते पात्रातल्या वाळूवर घोंगडीवर पडले होते आणि डोळ्यांवर हात आडवा धरून म्हणत होते, "ऊन लई लागतंय रं."

मला वाटतं त्या क्षणी मी जितकी खूश होते तितकी त्याआधी कधी झाले नव्हते. दिलीप रडत होता. बाबर सर, जे एरवी कुणाच्या खांद्यावर हातही ठेवायचे नाहीत, ते लोकांना मिठ्या मारत होते. कुणीतरी चहा आणला. मामांच्या पायांना मोठी जखम नव्हती. मांड्या सुजल्या होत्या, काळ्यानिळ्या पडल्या होत्या, बस. मावशी त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "झालं समाधान? बगितली मोरी?"

"मोकळी हाय," मामा म्हणाले. "पाणी जाईल."

त्यांना जीपमध्ये मागच्या बाकावर झोपवलं. मावशी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, मी पायांशी, सर पुढं. तालुक्याचा दवाखाना तासाभराच्या वाटेवर होता. गाव सोडेपर्यंत मामा बोलत होते. शेळीचं बघ, म्हणाले. मग त्यांनी पाणी मागितलं. मग म्हणाले, "छातीत कसंतरी हुतंय." त्यांचे ओठ बघता बघता पांढरे झाले.

"ए," मावशी म्हणाल्या. "ए, हिकडं बगा. हिकडं बगा की."

सर ड्रायव्हरला म्हणत होते, "हाण, हाण." ड्रायव्हर हाणतच होता. मी मामांचे तळपाय घट्ट धरले होते. का ते मला माहीत नाही. ते एकदा सबंध अंगानं ताठ झाले आणि मग सैल पडले. उसाची एक बैलगाडी रस्त्यात आडवी होती. ती बाजूला घेईपर्यंत आम्ही थांबलो, तोवर ते गेले होते.

दवाखान्यातला डॉक्टर माझ्याच वयाचा असेल. त्यानं सगळं केलं जे करतात. मग बाहेर येऊन विचारलं, "किती वेळ दबले होते पाय?" सरांनी सांगितलं. तो बाकावर आमच्या शेजारी बसला.

"एवढा वेळ रक्त थांबलं की पायांतला मांसाचा भाग मरायला लागतो," तो म्हणाला. "त्यातून विष तयार होतं. दगड वर असतो तोवर ते पायातच अडकून राहतं. दगड उचलला की सगळं एकदम रक्तात येतं आणि हृदयापर्यंत पोचतं."

"म्हणजे?" सरांनी विचारलं. सरांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. तरी त्यांनी विचारलं.

"म्हणजे दगडाखाली होते तोवर ते जिवंत होते."

मावशी इतका वेळ भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली. "मंग काढायचं नव्हतं त्येंना?"

"काढायला तर पाहिजेच, बाई."

"मंग आत ठेवायचं हुतं?"

"आत ठेवून कसं चालेल?" डॉक्टर म्हणाला. त्याचेही डोळे भरून आले होते. "मोठ्या शहरात असतं, तर दगड काढायच्या आधी सलाइन, इंजेक्शनं... तिथं ओढ्यात कुठलं आणणार? तरी सांगता आलं नसतं."

मावशींनी त्याच्याकडं, सरांकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं पाहिलं. आमच्यापैकी कुणीतरी काही चूक केली असती, तर त्यांना दोष द्यायला जागा झाली असती. पण आम्ही सगळ्यांनी दिवसभर जीव तोडून जे काम केलं होतं, त्यानंच माणूस गेला होता, आणि ते केलं नसतं तरी गेला असता. सर उठून दवाखान्याच्या मागं गेले. परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं सोललेली होती. त्यांनी भिंतीवर हात आपटून घेतला होता.

त्यानंतर त्यांनी कधीही श्रमदानाला माणसं नेली नाहीत.

पहिला पाऊस पडून गेल्यावर मी एकटीच खरसवाडीला गेले. का जायचं हे मला नीट ठाऊक नव्हतं. रात्री झोप लागत नव्हती, एवढंच ठाऊक होतं. एसटी फाट्यावर थांबते तिथं एक चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं मला ओळखलं नाही. पाटाचं काय झालं विचारलं तर तो म्हणाला, "काय व्हणार? अपघात झाला. साहेब लोक आले, मोरी बंद करून गेले. धोकादायक हाय म्हणं. दोन दिसांत पाणी आलं असतं शिवारात. एका माणसाच्या घाईनं राहिलं बगा."

बाजूला बसलेल्यानं मान हलवली. "सांगितलं हुतं शिरू नगा म्हणून."

मी म्हणाले, त्यांनी मोरी पलीकडं मोकळी असल्याचं बघितलं होतं. दोघांनी माझ्याकडं पाहिलं. "आसंल," टपरीवाला म्हणाला. "आता काय उपेग त्येचा?"

पाटाच्या कडेनं चालत गेले. आम्ही साफ केलेल्या तळात पुन्हा गवत उगवलं होतं. मोरीच्या तोंडाला नवं कोरं सिमेंट.

शेवंतामावशी अंगणात सुपानं हरभरा पाखडत होत्या. "ये," म्हणाल्या, काल भेटल्यासारखं. शेळीला दोन करडं झाली होती, ती माझ्या पिशवीला तोंड लावत होती. लेक येऊन राहिली होती, आता परत सासरी गेली. मावशींनी चहा दिला. गावातलं कुणी फारसं येत नाही, म्हणाल्या. तोंडावर कुणी बोलत नाही, पण पाणवठ्यावर गेलं की बायका गप्प होतात.

"त्येंच्यापायी पाणी गेलं म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "म्हणू दे. गावालाबी पाणी पायजेच हुतं."

बोलण्यासारखं होतं तरी काय? टपरीवर मी बोलून बघितलं होतं.

थोडा वेळ सूप हललं. मग त्या म्हणाल्या, "आत लई भ्यालं हुतं का गं?"

मी चहाच्या कपाकडं बघत राहिले. मामांनी सांगू नको म्हटलं होतं. आणि ह्या बाईंना खोटं सांगून मी एकदा पकडली गेले होते.

मावशी उत्तरासाठी थांबल्या नाहीत. "इजा कडाडल्या की झोपंत माझा दंड धरायचं," त्या म्हणाल्या. "सकाळी इचारलं तर म्हणायचं, म्या कुठं? तुलाच सपान पडलं आसंल." त्यांनी सुपातला खडा वेचून टाकला. "तवा भ्यालं आसणारच. नगं सांगूस. मला ठावं हाय."

करडू माझ्या मांडीवर चढायला बघत होतं. मी त्याला खाली उतरवलं.

"येक सांग मातर," मावशी म्हणाल्या. "तू आत आसलीस की म्या भाइरनं हाका मारत हुते. सारख्या. लई काय काय बोलत हुते. ते ऐकू येत हुतं का त्येंना?"

हे विचारताना त्यांचा हात थांबला होता. त्या काय काय बोलत होत्या ते मला कधीच कळलं नाही. तेव्हाही विचारायचा धीर झाला नाही.

"शब्द कळत नव्हते, मावशी," मी म्हटलं. "वळणामुळं नुसता घुमारा यायचा."

त्यांनी मान हलवली. ओठ आवळले.

"पण मी मामांना विचारलं होतं," मी घाईनं म्हटलं, आणि हे खरं होतं. "म्हटलं, बाहेर काय म्हणतायत कळतंय का? तर ते म्हणाले, बोलणं न्हाई कळत. पर आवाज तिचाच हाय."

मावशी माझ्याकडं रोखून बघत होत्या. मी खोटं बोलतेय का ते बघत होत्या.

"आन् कुणाचा आसणार?" शेवटी त्या म्हणाल्या. "दुसरं कोण बसलं हुतं तितं?"

सूप उचलून त्या आत गेल्या. मला वाटलं हरभरा ठेवून बाहेर येतील. करडं दमून आईला बिलगून बसली, ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, पण त्या आल्या नाहीत. आत जावं असं मला दोनदा वाटलं आणि दोनदा मी उठून पुन्हा बसले. एसटीची वेळ होईपर्यंत मी तशीच अंगणात बसून होते.